फियाटमध्ये एसी बसवला, पळताना गार, सिग्नलला गरम. मदत हवी आहे

वर्धारोडवाला
जुन्या गाडीत बाहेरून एसी बसवून घेतला आहे. गाडी पळते तोवर हवा झकास गार. सिग्नलला थांबलो की लगेच गरम वाफा, आणि टेंपरेचरचा काटा वर. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे, आणखी भरू. भरला, तरी तेच. आईला घेऊन अमरावतीला जायचं आहे, तिचं वय झालंय आणि नागपूरचं मे महिन्यातलं ऊन सगळ्यांना माहीत आहे. कोणता पार्ट बदलायचा तेवढं सांगा. लवकर.

पान्हा१२१३
फियाट म्हणजे नेमकी कोणती? ११०० डिलाइट, पद्मिनी की ११८ एनई? ११८ एनईत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन आहे, पद्मिनीत १०८९ सीसीचं. साल सांगा. कंप्रेसर कोणता? गॅस कोणता?

वर्धारोडवाला
पद्मिनी, १९८६. चालू आहे उत्तम. कंप्रेसर मारुती ८००चा, डॅशखालचा गार हवा देणारा बॉक्स जुन्या बाजारातून, कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा पुढचा भाग) नवा. गॅस एसीचाच गॅस, अजून कोणता असतो?

दादरकर_काका
अहो, पद्मिनीला एसी लावूच नका! समोरची त्रिकोणी काच पूर्ण उलटी फिरवा, पायाशी जो वारा येतो त्याला तोड नाही. मुंबईत आम्ही आयुष्य काढलं त्यावर. मोजून चाळीस घोड्यांचं इंजिन ते. कंप्रेसर त्यातले चार खाणार, मग घाटात काय उरणार?

वर्धारोडवाला
काका, इथे ४५ डिग्री असते. त्या काचेतून भट्टीचा वारा येतो. आणि नागपूर-अमरावती रस्त्यात मोठा घाट कुठे आहे?

मूळरूप_जपा
मला वाईट वाटतंय. डॅशला आणि पुढच्या पत्र्याला भोकं पाडली असणार. २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. तुम्ही ती वाट स्वतःहून अवघड केलीत.

पान्हा१२१३
गाडी १९८६ची आहे साहेब, पन्नाशी २०३६ला. शिवाय त्या नियमात बॉडी, चासी, इंजिन यांत मोठे बदल नकोत असं आहे. डॅशखाली टांगलेला बॉक्स चार बोल्ट काढले की सुटतो. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे मधली जागा मोकळीच असते, बॉक्स तिथे आयता बसतो. मुंबईच्या निळ्या-चंदेरी कूल कॅबमध्ये पद्मिनीही होत्या, त्या काय मूळ रूपातल्या नव्हत्या म्हणून रडायचं?

मूळरूप_जपा
टॅक्सीचा दाखला देऊ नका. टॅक्सीवाल्याला पोट भरायचं होतं. घरच्या गाडीचं तसं नसतं. एकदा कापलेला पत्रा परत जुळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

सातारी_गाडीवान
मूळ प्रश्नाकडे या. रेडिएटर चार पदरी करून घ्या, माझ्या अ‍ॅम्बॅसेडरला केला, काटा हलत नाही. आणि हो, ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुने रबरी पाइप टिकत नाहीत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे बदला. इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा म्हणजे एअर लॉक होणार नाही, पेट्रोलची आतच वाफ होऊन ते अडणार नाही.

वर्धारोडवाला
पाइपचं मी विचारलंच नाही. एसीचं सांगा.

थंडगार_पिंपरी
हे माझं रोजचं काम आहे, म्हणून नीट लिहितो. गॅस 'अजून भरू' म्हणणाऱ्याला आधी थांबवा. एसीचा जुना गॅस आर-१२ देशात बनणं २०१० पर्यंत बंदच झालं, तेव्हा तुमच्यात त्यानंतरचा गॅस, १३४ए, असणार. जुन्या बाजारातला बॉक्स आर-१२च्या काळातला असेल तर आत जुनं मिनरल ऑइल राहिलेलं असतं. ते १३४एबरोबर फिरत नाही, कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो. सगळं फ्लश करून योग्य तेल, नवा ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा), नव्या ओ-रिंग, मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम आणि नंतरच गॅस, तोही वजनावर. यातलं काय काय झालं? आणि गेज लावून आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, गॅसचं दोन्ही बाजूंचं (लो आणि हाय) प्रेशर लिहा. आकड्यांशिवाय मी एक शब्द पुढे बोलणार नाही.

वर्धारोडवाला
व्हॅक्यूम मारला, ड्रायर नवा, ते मी स्वतः पाहिलं. तेलाचं विचारतो. आज दुसऱ्या दुकानात गेज लावले: थांबल्यावर लो ६०, हाय ३४० पीएसआय. रेस धरून ठेवली तरी तसंच. गाडी पळवल्यावर गार होते ते वर लिहिलंच आहे.

पान्हा१२१३
हाय ३४० म्हणजे कंडेन्सर थंडच होत नाही. कंडेन्सरला वेगळा फॅन आहे का? हे तुम्ही अजून सांगितलंच नाही.

वर्धारोडवाला
आहे ना, जाळीच्या मागे, कंडेन्सरच्या पुढे. जोरात फिरतो, आवाज येतो.

सातारी_गाडीवान
म्हणूनच म्हटलं, चार पदरी रेडिएटर.

थंडगार_पिंपरी
रेडिएटर राहू द्या. फॅन फिरतो हे खरं, पण हवा कुठे फेकतो ते बघा. तो पुढे बसवलाय, म्हणजे त्याने हवा मागे, इंजिनाकडे ढकलायला हवी. इंजिन बंद ठेवून नुसता फॅन चालू करा आणि जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. चिकटला तर ठीक. उडाला तर फॅन उलटा आहे. मग सिग्नलला तो इंजिनाच्या पंख्याशी भांडतो आणि कंडेन्सरमधून वाराच जात नाही. गाडी पळाली की समोरचा वारा दोघांवर मात करतो, म्हणून तेव्हा गार. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत.

वर्धारोडवाला
कागद उडाला!! वायर उलट्या करू का?

थंडगार_पिंपरी
वायर अदलाबदल केल्या की दिशा फिरेल, पण पात्यांचा बाकही बघा. ओढणारा फॅन नुसता उलटा फिरवला तर वारा निम्माच लागतो. पातं काढून पालथं बसवता येत असेल तर तेही करा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट कडेने फोमच्या पट्टीने बुजवा, नाहीतर गरम हवा वळसा घालून परत पुढे येते.

वर्धारोडवाला
पातं पालथं केलं, वायर बदलल्या, फोम लावला. दुपारी आयडलला हाय २५०, लो ४०. काटा मध्यावर. आई गाडीत बसून आली, म्हणाली खिडकी उघड, गारठले. तेलाचं विचारलं, बॉक्स धुऊन नवंच टाकलं होतं. भाऊ, फार उपकार झाले. आता एकच, रात्री एसी लावला की हेडलाइट पिवळे पडतात.

पान्हा१२१३
बॉनेट उघडा. बेल्टवर लांबट नळकांडं असेल तर डायनॅमो, आखूड, जाड आणि खाचांचा असेल तर अल्टरनेटर. डायनॅमो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. कंप्रेसरचा क्लच, ब्लोअर, फॅन आणि हेडलाइट असा भार त्याला झेपायचा नाही.

वर्धारोडवाला
लांबट आहे.

पान्हा१२१३
मग अल्टरनेटर घाला, मारुतीचा चालेल. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घ्या, पुली क्रँकच्या पुलीच्या सरळ रेषेत आली पाहिजे, नाहीतर बेल्ट खाल्ला जातो. डायनॅमोचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढावा लागेल. फॅन आणि ब्लोअरला रिले, बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर आणि फ्यूज. जुन्या वायरिंगवर हे टाकू नका, १९८६ची वायर आहे, वितळेल. तोवर अमरावतीला दिवसाच जा.

मूळरूप_जपा
काढलेला डायनॅमो आणि रेग्युलेटर भंगारात देऊ नका, कापडात गुंडाळून ठेवा. पुढे लागेल.