घर सुटलेल्या लोकांचं प्रदर्शन करतोय, मांडणीबद्दल सल्ला हवाय

रंगरेषा:
आम्ही काही जण मिळून घर, विस्थापन आणि आपलेपणा या विषयावर प्रदर्शन करतोय. भाग घेणारे बहुतेक जण चित्रकार वगैरे नाहीत, कुणाचं गाव धरणाखाली गेलंय, कुणी युद्धामुळे निघून आलंय, कुणाला शहरातल्याच शहरात तीनदा उठवलंय. सगळ्यांना घराची आठवण असलेली एक वस्तू आणायला सांगितलंय, किल्ल्या, फोटो, दाराची कडी असं बरंच जमलंय. पण मला सारखं वाटतंय की लोक येतील, हळहळतील, फोटो काढून निघून जातील आणि ज्यांचं घर गेलं ते तिथेच कोपऱ्यात उभे राहतील. हे कसं टाळायचं? आणि त्यांनी लिहिलेलं शुद्ध करून लावायचं का?

पानगळ:
शुद्ध अजिबात करू नका, ज्याने जसं लिहिलं तसंच लावा, नाहीतर सगळे एकाच माणसासारखे बोलायला लागतात. कुठली वस्तू कुठे लावायची हेही त्यांनाच ठरवू द्या, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणी म्हणालं की माझं काढून घ्या तर कारण न विचारता काढा. नाव आणि चेहरा ऑनलाइन टाकायच्या आधी प्रत्येकाला वेगळं विचारा. जे जीव वाचवून आलेत त्यांचे नातेवाईक अजून तिकडेच असू शकतात, एका फोटोने त्यांना त्रास होऊ शकतो.

सुईदोरा:
पानगळ +१. पण मला मूळ अटच खटकतेय. जो रातोरात निघाला त्याच्याकडे वस्तू कुठून असणार? म्हणजे ज्याचं सगळंच गेलं तोच तुमच्या प्रदर्शनातून बाहेर! त्यापेक्षा सगळ्यांना घराचा नकाशा आठवून काढायला सांगा, दार कुठे, चूल कुठे, कोण कुठे झोपायचं. चित्रकार झरीना हाश्मींनी 1997 मध्ये आपण राहिलेल्या घरांचे नकाशे छापचित्रांत मांडले होते, नुसत्या रेषा, माणूस एकही नाही, तरी बघताना गलबलतं. चित्रकला येत नसली तरी नकाशा कुणालाही काढता येतो.

आणि मजकूर छोटा ठेवा. चित्रकार जेकब लॉरेन्सने 1941 साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दक्षिणेकडून उत्तरेकडच्या स्थलांतरावर 60 चित्रं पूर्ण केली, प्रत्येकाखालची ओळ त्याने आधी लिहिली आणि चित्र नंतर काढलं. साध्या ओळी आहेत, रडवायचा प्रयत्न नाही.

जुनीपेटी:
कामाचं सांगतो. वस्तू घेताना फोटो काढून पोच द्या, जुने फोटो असतील तर प्रत लावा आणि मूळ परत द्या. कापड आणि कागदावर थेट ऊन नको, संग्रहालयांत अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे मंद उजेड ठेवतात.

रंगरेषा:
वस्तूची अट आजच काढून टाकते, हे खरंच लक्षात आलं नव्हतं, त्यामुळेच दोघीतिघी गप्प बसल्या असणार. नकाशा काढायला एकत्र बसू. पण मुलांचं काय, त्यांनी ते घर पाहिलेलंच नाही?

सुईदोरा:
त्यांना ऐकलेलं घर काढू दे ना. आजीचा नकाशा शेजारी लावा. जुळणार नाहीत दोन्ही, पण जुळवून घ्यायला लावू नका, तसेच लावा. आणि शेवटी एक टेबल, कागद, पेन्सिली ठेवा, बघायला येणाऱ्यांनाही त्यांचं सुटलेलं घर काढू दे, मग कोपऱ्यात कुणी उभं राहणार नाही.