शब्दचर्चा: ‘फिगरेटिव्ह’ चित्रं म्हणजे ‘आलंकारिक’ चित्रं?

जळगावहून:
एका चित्रकाराच्या प्रदर्शनाची पत्रिका मराठीत करतेय. चित्रांत माणसंच माणसं आहेत. एक बाई काळ्या ढेकळांत उकिडवी बसलीय. तिची पावलं त्याच रंगात उतरलीत, त्यामुळे घोटा कुठे संपला आणि ढेकूळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. मूळ इंग्रजी मजकूर म्हणतो की हा चित्रकार ‘फिगरेटिव्ह आर्ट’मधून अध्यात्म, भूमी आणि मानवी अस्तित्वाचा शोध घेतो. माझ्याआधी कुणीतरी केलेल्या मसुद्यात ‘आलंकारिक चित्रकला’ असं आहे. मला ते फार खटकतंय. बरोबर शब्द कोणता?

अमळनेरहून:
ताई, खटकायलाच हवं. ‘आलंकारिक’ हा भाषेपुरता अर्थ झाला. ‘त्याने हात वर केले’ म्हणजे माघार घेतली, ते आलंकारिक बोलणं. चित्रकलेत आलंकारिक म्हटलं की वेलबुट्टी, काठावरची नक्षी, तोरण. तुमच्या ढेकळातल्या बाईवर नक्षीचा संशयही येऊ नये. कलाशाळांत ‘आकृतिप्रधान’ म्हणतात, बरोबरही आहे. पण पत्रिका हातात घेणाऱ्याला त्यातून भूमितीची वही आठवेल. मी तरी सरळ ‘मानवाकृती’ लिहीन.

चाळीसगावहून:
‘मूर्त’ का नको? अमूर्ताच्या समोरचा शब्द तोच. शिवाय त्याचं मूळ बघा: संस्कृत ‘मूर्छ्’ धातू, म्हणजे गोठणं, घट्ट होणं, आकार धरणं. त्याच धातूपासून मूर्ती आणि त्याच धातूपासून मूर्च्छा! विरजलेलं दूध सकाळी थरथरत का होईना, पण धरलेलं असतं ना, तसं. चित्रातली माणसं मातीतून अशी धरत आली असतील, तर यापेक्षा नेमका शब्द मिळणार नाही.

अमळनेरहून:
मूळ सुंदर आहे, पण व्याप्ती मोठी होते. केळीचा घड रंगवला तरी तो मूर्तच. इथे माणसाचं शरीर हा विषय आहे. आणखी एक. चित्रातलं अध्यात्म म्हटलं की लोकांना चित्रकार रझांचा बिंदू किंवा चित्रकार गायतोंडेंचे रंगांचे थर आठवतात, म्हणजे आकृती गळून पडलेली चित्रं. हा चित्रकार माणूस ठेवून तिथे जातोय, ते पत्रिकेत ठळक यायला हवं. आपल्याला ते परकं नाही. जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाची मान कललेली, पापण्या खाली. सगळी करुणा त्या शरीरातच आहे.

चाळीसगावहून:
अजिंठ्याचं नाव काढलंत तर ‘भूमी’वरही बोलू. तिथे खडकावर आधी मातीचा गिलावा आहे, त्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले. वर पातळ पांढरा लेप, मग गेरू आणि इतर रंग. चित्रासाठी अशी पाठ तयार करण्याला जुना शब्द आहे ‘भूमिबंधन’. राजा भोजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे 11व्या शतकात, तो चित्राच्या अंगांत मोजलाय. चित्रकाराच्या लेखी भूमी म्हणजे जिच्यावर चित्र उभं राहतं ती पाठ. म्हणून ‘भूमी’ ठेवा, ‘जमीन’ नको. जमीन म्हटलं की सातबारा डोळ्यांपुढे येतो.

शिरपूरहून:
भाऊ, भूमी पुस्तकात ठीक. आपल्याकडे त्या बाईला विचारलं असतं तर ती ‘वावर’ म्हणाली असती. अहिराणीत हाक येते, ‘वावरमा कोन शे?’ आणि वावर म्हणजे नुसतं शेत नाही. ‘घरात तिचा वावर आहे’ म्हणतो तेव्हा तिचं असणं, हिंडणं-फिरणंही तोच शब्द सांगतो. भूमी आणि मानवी अस्तित्व, तुमच्या मजकुरातल्या तीनपैकी दोन गोष्टी एका शब्दात आल्या. शहरातल्या वाचकाला पहिला अर्थ कळणार नाही म्हणाल, तर चित्र समोर आहेच की.

आणि माणसं ‘रेखाटली’ असं लिहिण्याआधी आपली खानदेशातली देवी कानबाई आठवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे लावतात, नथ घालतात आणि मग आपण म्हणतो, कानबाई ‘मांडली’. बनवली म्हणत नाही, काढली म्हणत नाही. आकाराला अध्यात्म चिकटतं ते या क्रियापदात.

जळगावहून:
‘आलंकारिक’ खोडलं. ‘मूर्त’चं मूळ मनातून जात नाही, पण अमळनेरच्या सरांचा मुद्दा मान्य, म्हणून व्याख्येच्या जागी ‘मानवाकृतींची चित्रं’. ‘अस्तित्व’ पूर्ण काढलं. अध्यात्म शब्दानं न सांगता क्रियापदावर सोपवतेय. छापायला जाणारी ओळ अशी:

‘मानवाकृतींची चित्रं. काळ्या मातीवर मांडलेली माणसं आणि त्यांचा वावर.’

चित्रकाराला फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘मातीवर’ नको, ‘मातीत’ करा. केलं.