कॅरिबियन वारी (फक्त कामाचे मेसेज)

कुंदाआत्या: जेवणाच्या टेबलावर विषय काढला नाही, माईवहिनी रडवेल्या झाल्या होत्या. म्हणून इथे लिहिते. आज ब्रिजटाउनला (बार्बाडोस) नाना आणि बंड्या जहाजावर उशिरा पोचले, ते परत होता कामा नये. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, ४:३० पर्यंत जहाजावर, ५ ला जहाज सुटणार. साडेचार म्हणजे साडेचार.

भाऊकाका: टॅक्सीचे माणशी ५ डॉलर (अमेरिकन) यायचे आहेत. दोन्ही टॅक्सींचे मीच दिले.

ताई: हा मेसेज नाना लिहितायत, फोन माझा. वायफायचं पॅकेज त्यांनी घेतलेलं नाही, "कशाला पाहिजे" म्हणून.
कुंदे, आम्ही गेटवर आलो तेव्हा माझ्या घड्याळात ३:४१ झाले होते. म्हणजे पाऊण तास आधी. तरी तिथला माणूस आम्हाला पळा पळा करत होता. मला आश्चर्यच वाटलं.

मीनल: नाना, तुमचं घड्याळ अजून मायामीत आहे. रात्री केबिनमध्ये चिठ्ठी आली होती ना, एक तास पुढे करा म्हणून? हिवाळ्यात बार्बाडोस मायामीच्या तासभर पुढे असतं.

ताई: (नाना) माझं एचएमटी आहे. ते आपोआप पुढे जात नाही.

कुंदाआत्या: म्हणूनच त्याला चावी दिलेली असते.

बंड्या: आत्या, चूक माझीपण आहे. माझ्या फोनवरही ३:४१च होते. फोन एअरप्लेन मोडवर होता, नेटवर्क नाही तर वेळ कुठून बदलणार.

कुंदाआत्या: तू तर बोलूच नकोस. सकाळी तुझ्या त्या अर्ध्या चड्डीपायी आठ माणसं अर्धा तास खोळंबली.

बंड्या: लष्करी छापाच्या कपड्यांना बंदी असते हे मला काय स्वप्न पडणार?

ताई: आता मी ताईच. मी निघायच्या आधीच ग्रुपवर टाकलं होतं. बार्बाडोसमध्ये तो गुन्हा आहे, लहान मुलांनीसुद्धा घालायचे नाहीत. उद्या सेंट लुशियातही तेच. ती चड्डी बॅगेच्या तळाशी घाल.

बंड्या: तुझ्या त्या मेसेजच्या वर-खाली आप्पांचे सतरा सुप्रभात होते. कसा दिसणार?

सांगलीचे आप्पा: सुप्रभात 🙏 जो वेळेला जपतो त्याला वेळ जपते.

मीनल: 😂😂

ताई: (नाना) आप्पा, तुम्हाला कोणी सांगितलं?

सांगलीचे आप्पा: काय सांगितलं? इथे पहाटेचे पावणेसहा झालेत, आत्ताच उठलो. सगळे कुशल ना? कोण पडलं?

माई: कोणी पडलं नाही आप्पा. ह्यांचं नाव जहाजाच्या भोंग्यावर पुकारलं, तीन वेळा. त्या बाईने आपल्या आडनावाची पार भाजी केली. पहिल्यांदा तर मला कळलंच नाही की आपलंच आहे.

भाऊकाका: टॅक्सीचे माणशी ५ डॉलर. विसर पडू नये म्हणून परत टाकतोय.

मीनल: भाऊजी, टॅक्सीवाल्याने ४० सांगितले होते ना? मग एका गाडीचे माणशी १० होतात.

भाऊकाका: ते ४० त्यांचे. त्यांचे २ म्हणजे अमेरिकन १. मी ४० अमेरिकन काढून दिले. त्या सद्गृहस्थाने हसून त्यांच्याच नोटांत ४० परत केले. दुसऱ्या गाडीला मग अमेरिकन २० दिले. ते बार्बाडोसचे ४० माझ्या खिशात आहेत आणि उद्या सेंट लुशियात तिसराच डॉलर, १ अमेरिकनला २.७०. कोणाला हव्यात का या नोटा?

बंड्या: एक डॉलरचं नाणं असेल तर मला. सात कोनांचं असतं, त्यावर उडणारा मासा आहे.

कुंदाआत्या: विषय भरकटवू नका. साडेचार म्हणजे साडेचार.

ताई: (नाना) आता ऐका. तुम्ही सगळे कार्लाईल बेला कासवं बघत होतात. कासवं वेळासलाही आहेत. केन्सिंग्टन ओव्हलचं क्रिकेट मैदान वेळासला नाही. मार्च १९९७ मध्ये याच मैदानावर वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी जिंकायला आपल्याला १२० करायचे होते आणि ८१ वर सगळे घरी. त्या रात्री माझं ताट तसंच राहिलं होतं, माई साक्षीला आहे. कसोटी तिथे आपण कधीच जिंकलेलो नाही. आणि त्याच मैदानावर २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल जिंकलो, ७ धावांनी. इतक्या लांब येऊन मी बाहेरून परत जाऊ? सोबर्सच्या पुतळ्यापाशी फोटो काढला, मग पहारेकऱ्याला नुसतं "सूर्यकुमार?" एवढंच विचारलं. त्याने फाटक उघडलं आणि न बोलता सीमारेषेकडे बोट केलं, जिथे सूर्यकुमारने फायनलमधला तो कॅच घेतला.

बंड्या: नाना तिथे पाच मिनिटं नुसते उभे होते. मग वाकले. मला वाटलं फायनल जिंकल्यावर रोहितने खाल्लं तसं गवत खातायत. बुटाची नाडी बांधत होते.

माई: मला सांगून गेले होते "अर्ध्या तासात येतो". यांचा अर्धा तास मला लग्नापासून ठाऊक आहे.

मीनल: आमची पण गंमत झाली. सर आली म्हणून मी बीचवर झाडाखाली उभी राहिले तर नारळवाला ओरडतच आला. मांचिनील म्हणे, खोडावर तांबडा पट्टा. फळ विषारी, आणि पावसात पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही अंगाला फोड येतात. फळ दिसतं मात्र हिरव्या बोराएवढ्या सफरचंदासारखं.

सांगलीचे आप्पा: मीनल, फोड आले का? कैलास जीवन लाव.

मीनल: नाही आले आप्पा 🙏

ताई: एक सांगते, मग झोपते. जहाज फक्त त्यांच्या स्वतःच्या सहलीला गेलेल्यांसाठी थांबतं. आपण आपले गेलो होतो. सुटलं असतं तर बाबा आणि बंड्या धक्क्यावर, पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत, बाबांच्या बीपीच्या गोळ्याही तिथेच. पुढच्या बंदरापर्यंत विमानाने स्वतःच्या खर्चाने यायचं.

ताई: (नाना) सुटलं नाही ना पण.

कुंदाआत्या: नाना, मी वर कठड्याला धरून उभी होते. खाली दोर सोडायला माणसं येऊन थांबली होती. आणि तू येतोयस बंड्याच्या खांद्यावर हात टाकून, नारळाचं पाणी पीत. मला वाटलं खाली येऊन तुला एक द्यावी. गणपतीपुळ्याला एसटी सुटली तेव्हाही अण्णा असेच उभे होते आणि तू भेळ खात होतास. तेव्हा तू चौदाचा होतास म्हणून सोडलं.

भाऊकाका: टॅक्सीचे

भाऊकाका: राहू दे. सकाळी बोलू.

माई: कुंदाताई, तुम्ही गोळी घेतलीत का रात्रीची?

कुंदाआत्या: घेतली वहिनी.

ताई: उद्याचं: कॅस्ट्रीजहून सुफ्रिएरला, दोन्ही पिटॉन (डोंगर) आणि गंधकाची कुंडं. एका बाजूने तासाभराहून जास्त, रस्ता सगळा वळणांचा. मीनल, उलटीची गोळी आठवणीने.

ताई: (नाना) कॅस्ट्रीजपासून डॅरेन सॅमी मैदान जवळ आहे असं बंड्या म्हणतो. ऑस्ट्रेलियाविरुद्ध रोहितने ४१ चेंडूंत ९२ तिथेच केले. नुसतं विचारतोय.

बंड्या: मी असं काहीही म्हटलेलं नाही.

कुंदाआत्या: नाना.

ताई: (नाना) बरं. पिटॉन.
कुंदे, घड्याळ पुढे केलंय. ८:५० झाले. बरोबर?

कुंदाआत्या: ८:५२.