जर्मनीची ऑफर आलीये, देवाची इच्छा आहे की नाही कसं ओळखायचं?

नगरची_लेक
सर्वांना सलाम. मी स्टाफ नर्स आहे, नगरलाच एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूला. ड्युटी सांभाळून जर्मन शिकले, बी2 लेव्हलची परीक्षा झाली, आणि आता तिकडच्या एका हॉस्पिटलचं ऑफर लेटर आलंय, महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. घरी आई-बाबा, बाबांना शुगर आहे, भाऊ बारावीला. पैशाची गरज आहे हे खरंय पण नुसता पैसा बघून जायचं नाही, प्रभूची इच्छा असेल तरच जायचं असं ठरवलंय.

आता झालंय असं की वॉचनाईटला, म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला, चर्चमध्ये वचनाची कार्डं काढतात ना, त्यात मला उत्पत्ती 12:1 आलं, देव अब्रामाला सांगतो की आपला देश आणि नातेवाईक सोडून मी दाखवीन त्या देशात जा. घरात सगळे म्हणाले बघ, स्पष्टच आहे. आणि मागच्या आठवड्यात प्रार्थना करून बायबल उघडलं तर समोर यिर्मया 42:10, तुम्ही याच देशात राहिलात तर मी तुम्हाला बांधीन, पाडणार नाही. तेव्हापासून डोक्याचा पार भुगा झालाय. यातलं माझ्यासाठी कोणतं? महिला मंडळातल्या एक आंटी म्हणाल्या जिकडे मनाला शांती वाटेल तिकडे जा, पण मला दोन्हीकडे थोडी शांती आणि दोन्हीकडे भीती वाटतेय. तुम्ही लोक कसं ओळखता? नोकरी, लग्न, घर, कशाचंही सांगा.

जालन्याची_मावशी
बाळा सलाम. तुला जे यिर्मया 42 निघालं ना, तो एकच श्लोक न वाचता 41 च्या शेवटापासून 43 पर्यंत बसून वाच, कारण तो अख्खा भाग तुझ्याच प्रश्नावर आहे. यरुशलेम पडलेलं, बाबेलच्या राजाने नेमलेल्या गदल्याचा खून झालेला, उरलेली माणसं घाबरून मिसरला म्हणजे इजिप्तला पळायला निघालेली आणि बेथलेहेमजवळ येऊन थांबलेली. म्हणजे सामान बांधून झालंय, रस्त्याला लागलेत, आणि मग यिर्मयाकडे येऊन म्हणतात देवाला विचार, बरं असो वाईट असो आम्ही ऐकू. उत्तर यायला दहा दिवस लागले. संदेष्ट्यालाही दहा दिवस थांबावं लागलं हे मला फार मोलाचं वाटतं, आपल्याला तर संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे असतं. आणि उत्तर आलं ‘इथेच राहा’, तर हेच लोक म्हणाले तू खोटं बोलतोस, आणि मिसरला गेले ते गेले, यिर्मयालाही सोबत घेऊन गेले.

तेव्हा तो श्लोक तुला जर्मनीला जाऊ नको असं सांगत नाहीये. आणि उत्पत्ती 12 पण जा म्हणत नाहीये, तो शब्द अब्रामाला होता. पण यिर्मयाच्या त्या अध्यायातून तुला एक प्रश्न जरूर घेता येईल, की विचारण्याआधीच माझं मन ठरलंय का? ते प्रामाणिकपणे तपास, कुणाला सांगू नको, प्रभूलाच सांग.

बाकी बायबल म्हणजे चिठ्ठ्यांचा डबा नाही गं. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या हे खरं, प्रेषित 1 मध्ये आहे, पण ते पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या आधी. आत्मा आल्यावर पुढे असं कुठे दिसत नाही, 15 व्या अध्यायात केवढा मोठा वाद झाला, तर सगळे एकत्र बसले, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, याकोबाने शास्त्रातून दाखवलं, आणि मग पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. ‘आम्हाला’ सुद्धा. देवाने अक्कल दिलीये ती वापरण्यात अविश्वास नाही.

प्रार्थनावीर
प्रेज द लॉर्ड सिस्टर. मावशींचा आदर आहे पण मी थोडं वेगळं सांगतो, देव आजही खुणा देतो, आपण देवाला फक्त अक्कल आणि मीटिंगमध्ये बसवू नये. गिदोनाने लढाईला जाण्याआधी देवाकडे खूण मागून लोकर ठेवली, एका रात्री लोकर ओली आणि जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री उलटं, आणि देव रागावला नाही. पौलाला आशियात वचन सांगायला आत्म्याने मनाई केली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, मग त्रोवसला रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियाचा माणूस बोलावतोय. दारं बंद होणं ही सुद्धा देवाची वाणीच आहे. आमच्या घरात लग्नाच्या वेळी आम्ही उपास-प्रार्थना केली आणि देवाने अगदी स्पष्ट दाखवलं, मी ते कधीच विसरणार नाही. तुम्ही उपास धरा आणि एक खूण मागा, व्हिसाचं, कागदपत्रांचं काहीही.

जालन्याची_मावशी
@प्रार्थनावीर भाऊ, देव खुणा देतो हे मला मान्य आहे, तुमची साक्ष मी खोटी म्हणणार नाही. पण गिदोनाचं शास्ते 6 नीट बघा, लोकरीच्या आधीच देवाने त्याला सांगून टाकलं होतं, जा, मीच तुला पाठवतोय. काय करायचं ते कळलेलं होतं, धीर होत नव्हता, देवाने त्याच्या कमजोरीला सांभाळून घेतलं. आणि पौलाने मासेदोनियाचा दृष्टान्त मागितला नव्हता, तो चालत होता, एक एक दार बघत होता. ही पोरगी व्हिसावर खूण मागेल आणि एम्बसीची तारीख पुढे ढकलली की रडत बसेल, देव नाही म्हणाला म्हणून. अपॉइंटमेंट तर सगळ्यांच्याच पुढे जातात.

वसईकर_77
ताई मी कॅथलिक आहे, आमच्याकडे रिट्रीटमध्ये संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत शिकवतात, तुम्हाला उपयोग होईल म्हणून लिहितो. हा माणूस आधी सैनिक. 1521 मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून बरेच महिने अंथरुणावर होता, वाचायला ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र एवढंच मिळालं. त्याच्या लक्षात आलं की सरदारकी, मानमरातब याची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की आनंद नंतरही टिकतो. इथून त्याला समजलं की विचार आल्या क्षणी काय वाटतं यापेक्षा तो निघून गेल्यावर मागे काय उरतं ते बघायचं. तुमच्या आंटी शांती म्हणतात ती मला वाटतं हीच, पण ती एका दिवसात कळत नाही.

तर तुम्ही असं करा, थोडे दिवस ‘मी जाणार’ असं मनाशी धरून ड्युटी करा, प्रार्थना करा, झोपा. नंतर तेवढेच दिवस ‘मी राहणार’ असं धरून. रोज रात्री दोन ओळी लिहा, मन कुठे होतं. दुसरं ते सांगतात की अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल, ते स्वतःला सांगा. आणि मन उदास, कोरडं असेल तेव्हा आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा त्यांचा नियम मला आयुष्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडला. नाइट ड्युटी करून आल्यावर तर मुळीच काही ठरवू नका ताई.

राईनकाठची_सिस्टर
मी जर्मनीतच आहे, मूळची मिरजेची, नर्सिंगमध्येच. अध्यात्म वरच्यांनी छान सांगितलंय, मी बाकीचं सांगते कारण तेही प्रार्थनेतच येतं असं मला वाटतं. पारसाच्या राजाच्या चाकरीतल्या नहेम्याचं बघ, किसलेव महिन्यात यरुशलेमची बातमी ऐकून रडला, उपास केला, आणि राजासमोर विषय निघाला नीसानमध्ये, मधे जवळपास चार महिने. राजाने विचारलं तेव्हा त्याने मनात प्रार्थना केली आणि लगेच मुदत सांगितली, वाटेतल्या सुभेदारांना द्यायची पत्रं मागितली, राजाच्या रानातलं लाकूड मागितलं. म्हणजे त्या काळात त्याने हिशोबही करून ठेवला होता.

तू पण कर. तुझी डिग्री तिकडे मान्य होईपर्यंत हेल्परचंच काम आणि हेल्परचा पगार असतो, मग कोर्स किंवा परीक्षा, हे एजंट नीट सांगत नाहीत. मधेच सोडलं तर पैसे परत द्यायचे असं कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे का ते बघ, एजन्सी तुझ्याकडून फी मागतेय का ते बघ. रविवारी ड्युटी लागते, मराठी उपासना नाही, पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो तेव्हा कोण असणार सोबत, याचा विचार कर. आणि बाबांना इंजेक्शन कोण देतं सध्या? तू देत असशील तर ती सोय आधी.

जालन्याची_मावशी
हे शेवटचं अगदी बरोबर. आईबापाची काळजी घे ही देवाची इच्छा आहे का, यासाठी कार्ड काढायची गरज नाही. मार्क 7 मध्ये प्रभू परुश्यांवर, त्या कडक नियमवाल्या धर्मपुढाऱ्यांवर, चिडला ते याचसाठी, आईबापाला द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून हात झटकायचे. पण जवळ राहूनच काळजी घेता येते असंही नाही, पैसे पाठवूनही घेता येते, ते तुझ्या घरातल्यांनाच माहीत.

नगरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, मावशी तुमचे खास. 41 ते 43 काल रात्री वाचलं. माझं मन आधीच ठरलंय का, तर हो, मला जायचंय, आयसीयूतलं काम अजून चांगलं शिकायचंय, आणि हे लिहिताना मला वाईट वाटत नाहीये. इंजेक्शन मीच देते. आज बाबांशी बोलले, ते म्हणाले मला स्वतः घ्यायला शिकव आणि मग पुढचं बघू. उद्यापासून सकाळचं ते घेणार, मी नुसती शेजारी उभी राहणार. कॉन्ट्रॅक्टचं भाषांतर करून आमच्या पाळकांना आणि काकांना दाखवते, काका वकील आहेत. @राईनकाठची_सिस्टर, एजन्सी फी मागत नाहीये पण तीन वर्षांचा बाँड आहे, तो चालतो का सांगाल?

राईनकाठची_सिस्टर
बाँडमध्ये मधेच सोडल्यास किती आणि कशाचे पैसे ते आकड्यात लिहिलंय का ते आधी बघ. नसेल तर सही करू नको, त्यांच्याकडून लेखी मागून घे.