वॉटरकूलिंग: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या मधे रेडिएटर हवाच का?

पाणचक्की: नव्या कॉम्प्युटरचा लूप, म्हणजे भाग थंड ठेवायला पाणी फिरवणारा नळ्यांचा बंद मार्ग, आखतोय. माझं मत पक्कं आहे, दोन ब्लॉकच्या (प्रोसेसर आणि कार्डावर बसवलेले, त्यांची उष्णता पाण्यात सोडणारे तुकडे) मधे एक रेडिएटर (पाण्याची उष्णता हवेत सोडणारा भाग) हवाच. कार्डातून तापून आलेलं पाणी तसंच प्रोसेसरवर सोडणं मला पटत नाही. दोन नळ्या जास्त वळवाव्या लागल्या तरी चालेल.

काटकोन: असहमत. तापलेलं म्हणजे किती, ते आधी मोजू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४१८६ ज्यूल लागतात. कार्ड ३५० वॅट उष्णता सोडतंय आणि मिनिटाला ४ लिटर पाणी वाहतंय असं धरा. कार्डातून निघताना पाणी फक्त सव्वा अंशाने चढलेलं असतं. लूपमध्ये लिटरभर पाणी असेल तर ते मिनिटाला चारदा फिरून येतं, म्हणून सगळीकडचं तापमान जवळजवळ सारखंच राहतं. क्रम पाळायचा तो एकाच जागी: टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर. या पंपांच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. लूप भरताना पंप कोरडा फिरला तर गेलाच समजा.

पाणचक्की: टाकीचं मान्य. पण ४ लिटर प्रवाह सगळ्यांना कुठे मिळतो? माझ्या आधीच्या लूपमध्ये तीन रेडिएटर, काटकोनी फिटिंग आणि झटकन सुटणारे जोड होते, शिवाय आवाज नको म्हणून पंप हळू ठेवलेला. प्रवाह जेमतेम १ लिटर. तुमच्याच हिशोबाने तिथे ५ अंशांचा फरक पडतो, आणि तो मी सोडणार नाही.

काटकोन: ५ अंश खरेच. पण मधला रेडिएटर ते पाचही काढत नाही. प्रोसेसरचे १५० वॅट धरून एकूण ५०० झाले. तीन सारखे रेडिएटर असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १६७ च्या आसपास, म्हणजे १ लिटर प्रवाहाला सुमारे २.४ अंश. एवढ्यासाठी जास्तीची वळणं घेतलीत तर प्रवाह आणखी घटेल. दुखणं प्रवाहात आहे, औषध क्रमाला कशाला?

सुटा_स्क्रू: ब्लॉकची दिशा राहिली. बऱ्याच प्रोसेसर ब्लॉकमध्ये पाणी एका फटीतून बरोबर मध्यावर सोडलेलं असतं. आत-बाहेर उलटं जोडलं तर ब्लॉकचा गुण कमी होतो. नळी सोयीची पडते म्हणून तोंडं बदलू नका. आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा व्हॉल्व्ह आत्ताच बसवा, नाहीतर पाणी बदलताना मदरबोर्डवर सांडण्याची भीती.

पाणचक्की: व्हॉल्व्ह नक्की बसवतो. २.४ अंशही मला कमी वाटत नाहीत, पण आधी साधी मांडणी करून प्रवाहमापक लावतो. काटा दीड लिटरच्या खाली गेला तर रेडिएटर मधे येणार.

काटकोन: खाली गेला तर आधी ते सुटणारे जोड काढून बघा, मग नळ्या कापा.