बॉल पायथननंतर कोणता पाळीव अजगर? कार्पेट पायथन का ब्लड पायथन?

ऑरेंजसिटीकर: बॉल पायथन आहे माझ्याकडे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर रजिस्टर केलेला, आता दुसरा घ्यायचाय, नागपूरच्या मे महिन्यात कोणता टिकेल सांगा राजेहो

धरमपेठवाला: कार्पेट घे भाऊ. सहा-सात फूट होतो, झाडावर चढणारा आहे म्हणून टाकी उंच लागते, पण खायला नखरे नाहीत, उलट हात दिसला की उंदीर समजून झडप घालते तर साप उचलायच्या हुकनेच काढायचा. ब्लडला 60-70 टक्के ह्युमिडिटी पाहिजे, इथली कोरडी हवा माहीतच आहे तुला

बर्डीकर: 45 डिग्रीत खोली थंड कशी ठेवशील ते पाह्य आधी, लाइट गेली तर?

ऑरेंजसिटीकर: इन्व्हर्टरवर कूलर चालतो. अन् आपला देशी अजगर, इंडियन रॉक पायथन?

धरमपेठवाला: नावच काढू नको बे, शेड्यूल 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे तो, 1972 च्या वन्यजीव कायद्यात जेल होते