अझेलियाची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: खत कमी पडतंय का?

परसदार: सिमेंटच्या कुंपणभिंतीलगत दोन अझेलिया जमिनीत लावल्यात. नवी पानं पिवळी पडतायत, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं बरी आहेत. कळ्या भरपूर धरल्या, पण न उमलताच तपकिरी होऊन सुकल्या. शेणखत घातलंय, बोअरचं पाणी रोज देतो. खत वाढवू का? आणि छाटणी आत्ता चालेल का?

मातीमोल: खत मुळीच वाढवू नका. नत्र कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती, तीही शिरांसकट. ही लोहाची कमतरता आहे. लोह मातीत असतंच, पण सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी त्याचं माप) वाढला, माती अल्कधर्मी झाली, की मुळांना ते उचलता येत नाही. अझेलियाला ४.५ ते ६ सामू लागतो, आणि इथे भिंतीतला चुना मातीत उतरतोय, वर बोअरचं जड, क्षारांचं पाणी; दोन्हींनी सामू वाढतो.

मुळांजवळची, १०–१५ सेंमी खोलीवरची माती काढून सामू तपासा. तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) द्या. सामू ६.५ च्या वर असेल तर त्यातला ईडीटीए प्रकार फारसा टिकत नाही, ईडीडीएचए प्रकार घ्या. कायमसाठी गंधकाची भुकटी, चौरस मीटरला ५० ग्रॅम, मातीच्या वरच्या थरात मिसळून. जिवाणू तिचं आम्ल करतात, त्यात काही महिने जातात. तीन महिन्यांनी सामू बघूनच पुढची मात्रा. तुरटीचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. त्यातलं ॲल्युमिनियम साचून मुळांना बाधतं, तेव्हा नको.

कुंडीशास्त्री: वरचं सगळं बरोबर, पण भिंतीला चिकटून झाड ठेवलंत तर गंधक घालतच बसाल. थंडीच्या दिवसांत झाड मीटरभर तरी लांब हलवा. मुळं उथळ आणि दाट असल्याने मुळं-मातीचा गड्डा अखंड निघतो.

निघालेला गड्डा नीट बघा. रोपवाटिकेतली रोपं बहुधा पीटमध्ये (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) वाढवलेली असतात. पीट एकदा कोरडं पडलं की पाणी आत शिरतच नाही, बाजूने निघून जातं. बाहेरची माती ओली आणि गड्डा आतून कोरडा. कळ्या सुकण्यामागे हेच असू शकतं. गड्डा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा. लावताना गड्ड्याचा माथा जमिनीपेक्षा ३–५ सेंमी वर राहू द्या, खोल लावलेलं झाड कुजतं. वर पालापाचोळ्याचा ५–७ सेंमी थर द्या, पण बुंध्याला टेकू देऊ नका. खुरपणी नको, मुळं लगेच तुटतात. जागा सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी बघा.

पानोपानी: छाटणी फुलं संपल्यावर तीन-चार आठवड्यांत उरकायची. त्यानंतर पुढच्या बहराच्या कळ्या धरू लागतात, कात्री लावली की त्याच जातात. तुमचं झाड अशक्त आहे, आत्ता फक्त वाळलेल्या फांद्या आणि सुकलेल्या कळ्या काढा. पानं उलटूनही बघा: खाली काळे चकचकीत ठिपके आणि वर पांढुरके टिपके असतील तर जाळीदार पंखांचा ढेकूण आहे. पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. घरात कुत्रं-मांजर किंवा शेळी असेल तर जपा, पानं-फुलं विषारी असतात.

परसदार: बोअरच्या पाण्यात व्हिनेगर घालून दिलं तर?

मातीमोल: परिणाम चार दिवसांचा. पावसाचं पाणी साठवून वापरा. आणि रोज नको. वरची दोन-तीन सेंमी माती सुकली की भरपूर द्या.